माश्यांचा बैल

माणसाला पिसं बांधायची तर सुरुवात खांद्यामागून करायची. छातीवर आधी बांधली तर दोरी काचते, आणि माणूस कड्यापर्यंत चालतानाच धापा टाकायला लागतो. हे मला बापानं शिकवलं. आमच्या घरात तीन पिढ्या पाखरं धरायचं काम आहे. ल्यूकास बेटाच्या पांढऱ्या कड्यावर अपोलोचं जे देऊळ आहे, त्याला दरवर्षी जत्रेच्या आधी पिसं आणि जिवंत पाखरं आम्हीच देतो. जत्रेच्या दिवशी एक गुन्हेगार कड्यावरून समुद्रात टाकतात. बेटाचं वर्षभराचं पाप त्याच्यासोबत जातं. अंगभर पिसं, कमरेला आणि दंडांना जिवंत पाखरं, म्हणजे पडणं जरा मंद होतं. खाली होड्या गोल धरून थांबतात. जगला तर उचलायचा, समोरच्या किनाऱ्यावर नेऊन सोडायचा, आणि त्यानं परत बेटावर पाय ठेवायचा नाही. मेला तर मेला.

मला कळायला लागल्यापासून नऊ जण टाकले. जगले चार.

ह्या खेपेला लीसॉनला टाकणार होते, आर्खियासला मारलं म्हणून. आर्खियासला मारलं होतं मी.

लीसॉन कुपा माशांची टेहळणी करायचा. खाडीच्या तोंडाशी एक उंच खांब रोवलाय, वर बसायला फळी. त्यावर दिवसभर बसायचं, पाण्याचा रंग बघायचा आणि मासे दिसले की बोंब मारायची, मग खालची माणसं जाळी ओढतात. त्याची नजर चांगली होती, पण माझी जास्त चांगली. मी टेकडीवर तितरांना जाळं लावून बसायचे, तिथनं मला त्याच्या आधी मासे दिसायचे. एक दिवस राहवलं नाही.

"अरे ए खांबावरच्या बगळ्या!" मी ओरडले. "झोपलास काय? डावीकडं बघ, डावीकडं!"

त्यानं आधी माझ्याकडं बघितलं, मग डावीकडं, आणि मग अशी बोंब मारली की फळीवरून पडता पडता वाचला.

दुसऱ्या दिवशी टेकडीवर आला. हातात अंजिराच्या पानात गुंडाळलेला माशाचा तुकडा. "तुझा वाटा."

मी पान उघडून बघितलं. "हा शेपटीकडचा आहे."

"मग?"

"पोटाकडचा का आणला नाहीस?"

"पोटाकडचा मालक खातो. तू मालक आहेस का?"

"होईन की."

"झालीस की सांग, मी तुझ्याकडं कामाला येतो." तो खाली बसला आणि माझ्या भाकरीतला अर्धा तुकडा न विचारता तोडून घेतला. तेव्हापासून तो रोज यायचा. काही दिवसांनी तर मासे गेले तरी याला पत्ता नसायचा, कारण हा खांबावर बसून टेकडीकडंच बघायचा. मालकानं दोनदा शिव्या घातल्या.

माझा राग वाईट आहे. बापानं हौसेनं मला अक्षरं शिकायला बसवलं होतं, आमच्याकडं चार-पाच पोरी बसायच्या. गुरुजीनं पट्टी मारली तर मी मेणाची पाटी त्याच्या टकलावर हाणली. पाटी मोडली, शिक्षण संपलं. लीसॉनला हे सांगितलं तर तो हसून लोळला. म्हणाला, "तुझ्याशी लग्न करणाऱ्यानं डोक्याला भांडं बांधून झोपावं." मग जरा थांबून म्हणाला, "माझ्याकडं एक भांडं आहे तसं."

ते तेवढंच. आमच्यात त्याहून गोड कोणी काही बोललं नाही.

वसंत सरता सरता आर्खियास टेकडीवर आला. खालचे द्राक्षमळे त्याच्या घरचे. सोबत दोन कुत्री, माणूस कोणी नाही. माझा तितर पिंजऱ्यात ओरडत होता. शिकवलेला तितर. तो ओरडला की रानातले येतात आणि जाळ्यात पडतात. असा एक तयार करायला दोन वर्षं जातात. आर्खियासनं पिंजरा उघडला, त्याची मान पिरगळली आणि माझ्या पायाशी फेकला.

"टेकडी आमची," तो म्हणाला. "आता तू ओरड. बघू तुझ्यासाठी कोण येतं." आणि हसत वळला.

मी गोफण फिरवली. चुकून सुटली, हात घसरला, असलं काही मी सांगणार नाही. दगड कानामागं लागला. तो बांधावर खाली बसला, घरी काहीतरी विसरून आल्यासारखा, आणि मग बाजूला कलंडला. कुत्री त्याचा हात चाटत राहिली.

लीसॉननं खांबावरून बघितलं होतं. तो पळत वर आला, आर्खियासच्या नाकाजवळ हात धरला. खालून शेळ्यावाल्यांचे आवाज येत होते. त्यानं माझ्या हातातली गोफण ओढली.

"दे इकडं."

"कशाला?"

"पोहता येतं का तुला?"

"त्याचा काय संबंध?"

"जत्रा दोन महिन्यांवर आली, तिमो. असा माणूस हाताला लागला तर देऊळ सोडतं का? मी लहानपणापासून खडकावरून उड्या मारतोय. तू गुडघाभर पाण्यात बुडशील."

"मी सांगणार सगळ्यांना."

"सांग. तुला टाकतील, आणि मी होडीत बसून तुला बुडताना बघीन. असं पाहिजे?" त्यानं गोफण स्वतःच्या कमरेला खोचली. "मला पलीकडं सोडतील. तू मागून ये. कुपा तिकडं पण असतो, खांब पण असतात."

शेळ्यावाले आले. तो म्हणाला, "मी मारला." मी गप्प राहिले. त्यानं सांगितलं म्हणून गप्प राहिले, असं मी पुष्कळ दिवस मनाशी घोकत होते. खरं म्हणजे घाबरले.

पंचांनी त्याला देवळाच्या ताब्यात दिलं. दोन महिने मी रोज समुद्र बघत होते. वारा कुठला, ओढ किती, लाटा खडकाला कुठं फुटतात. सगळं बरं दिसत होतं. लीसॉनसारखा पोहणारा बेटावर दुसरा नाही. होड्या असतातच. मनातल्या मनात मी पलीकडं जायची बोचकीसुद्धा बांधली होती.

मग माश्यांचा बैल आला.

जत्रेच्या तीन दिवस आधी हा बैल कापतात. एवढी माणसं येणार, एवढं मांस शिजणार, माश्या यायच्याच. म्हणून एक बैल फक्त त्यांच्या नावानं. त्या रक्त पितात, पोट भरलं की एकदम उठतात आणि समुद्रावर निघून जातात, जत्रा संपेपर्यंत परत येत नाहीत. काळा ढग उठल्यासारखा उठतो. पोरं टाळ्या पिटतात.

ह्या वर्षी त्या बसूनच राहिल्या. पोरं हात वर करून उभी होती, ती शेवटी कंटाळून खाली बसली. संध्याकाळ झाली तरी तेच. दुसऱ्या दिवशी बैल दिसेना, नुसतं काळं काहीतरी हलत होतं, आणि त्याचा आवाज पायऱ्यांपर्यंत यायचा. आणि दुपारी त्या उठल्या त्या खाली गावात आल्या. पिठात, दुधात, झोपलेल्या पोरांच्या डोळ्यांच्या कडांना. कोणी मारेना. देवाला वाहिलेल्या माश्या मारायच्या कशा? बायका हातानं हलकेच बाजूला करायच्या, जशा काही पाहुण्या आहेत.

पुजारी मेनेक्लीस एवढंच म्हणाला, "जत्रा होईल." बोलताना त्यानं दारूच्या पेल्यावर तळहात झाकून धरला होता.

मी खारॉप्सकाकाकडं गेले. बापाचा जुना दोस्त, सगळ्यात मोठी होडी त्याची. कड्याखालच्या होड्या कुठं उभ्या राहणार ते तोच ठरवतो. तो होडीच्या बुडाला डांबर लावत होता.

"काका, उद्या होड्या किती?"

"येतील पाच-सहा."

"दरवर्षी तीस असतात."

"दरवर्षी माश्या जातात." त्यानं कुंचा डांबराच्या भांड्यात बुडवला. "पुजाऱ्याचं मन मोडवत नाही म्हणून जायचं. लांब थांबू, बघू, परत येऊ."

"म्हणजे उचलणार नाही?"

"काल माझ्या नातवाच्या तोंडात गेल्या. देवानं बैल घेतला नाही पोरी, तुला कळतंय का? असल्या माणसाला हात लावला तर त्याचा विटाळ होडीला, होडीचा जाळ्याला, जाळ्याचा चुलीला. नको गं बाई."

"नका उचलू. तो पोहेल."

"कड्यावरून पडलेला लगेच पोहत नसतो. आधी त्याला आपण कोण ते आठवावं लागतं. तोवर ओढ त्याला दक्षिणेला नेते. ते चार जगले ना, चौघांना मी केसाला धरून वर घेतलंय. एकजण तर चावला मला."

मी तिथंच उभी राहिले. तो डांबर लावत राहिला, आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "अर्थ दोनच निघतात. एक म्हणजे ह्याचं पाप बैलानं भागण्यासारखं नाही. दुसरा म्हणजे देवाला दिलेला माणूस चुकीचा आहे. दुसरं असतं तर मी पहिलं वल्हं मारलं असतं. सगळ्यांनी मारलं असतं. पण सांगणार कोण? पोरगा स्वतःच छाती ठोकून म्हणतोय, मी मारला."

घरी येताना मी सगळा हिशेब मांडला. आज सांगितलं तर उद्या मला टाकतील, आणि देवासमोर खोटं बोलला म्हणून लीसॉनला दगडांनी मारतील. दोघं गेलो. सांगितलंच नाही तर तो एकटा जाईल, होड्या लांबून बघतील. पण एकदा कड्यावरून पाय सुटला की माणूस देवाचा. मग त्यानं आधी काय केलं, काय खोटं बोलला, कोणी विचारत नाही. तो नियम पोरासोरांनाही माहीत आहे.

म्हणजे बोलायचं तर पाय सुटल्यावर आणि पाण्यावर पडायच्या आत. तेवढीच जागा होती.

सकाळी देवळाच्या अंगणात बा आणि मी पिसं घेऊन गेलो. माश्या पायऱ्यांवर बसल्या होत्या, पाऊल ठेवलं की तेवढ्याच उठायच्या. लीसॉनला दगडी बाकावर बसवलं होतं. वाळला होता. दोन रखवालदार भिंतीशी बसून ऑलिव्ह खात बिया दूर थुंकत होते, कोणाची लांब जाते बघत. बा पाखरांच्या पायांना दोऱ्या बांधायला लागला. रानातलीच पाखरं घ्यावी लागतात, घरची पाळलेली सुटली की घराकडं ओढतात आणि कडा त्याच बाजूला आहे.

मी खांद्यामागून सुरुवात केली.

"काखेत गुदगुल्या होतायत," लीसॉन म्हणाला.

"मर."

"तेच तर चाललंय."

"तोंड बंद कर नाहीतर तोंडाला पण पिसं बांधीन."

त्यानं पायऱ्यांकडं बघितलं. मग हळूच, "माश्या अजून गेल्या नाहीत ना?"

"जातील."

"होड्या किती आहेत गं?"

"तीस," मी म्हटलं.

"खारॉप्स असेल?"

"सगळ्यात पुढं."

त्यानं श्वास सोडला. पिसं हलली. "मग ठीक. मी ऐकलंय पलीकडच्या बंदरात नवीन खांब रोवतायत. सगळा एकाच झाडाचा, सरळ. आधी मी जाऊन फळी बघतो. दोघं बसतील एवढी आहे का ते."

दोरा दातानं तोडायच्या निमित्तानं मी त्याच्या खांद्याला तोंड लावलं आणि जरा जास्त वेळ तसंच ठेवलं. खारट लागला. त्यानं मान वाकडी करून गाल माझ्या डोक्याला टेकवला. एक रखवालदार म्हणाला, "ए पोरी, चावून नको खाऊस त्याला, देवाचा आहे." दुसरा हसला.

कमरेची गाठ मी अशी बांधली की पाण्यात त्याला एका ओढीत सोडता येईल. बानं ती बघितली. माझ्याकडं बघितलं. मग माझ्या गाठीवर हात ठेवून त्यानं ती घट्ट केल्यासारखं केलं आणि तशीच सोडली. त्याला काय माहीत होतं, किती माहीत होतं, मला आजही ठाऊक नाही.

"चल," तो म्हणाला, "तू खाली जा. होडीत तू बस ह्या वर्षी. माझे गुडघे गेले."

पाखरं सोडवायला आणि दोऱ्या परत आणायला आमच्यातलं एक जण खारॉप्सच्या होडीत असतंच. मी उठले. लीसॉनकडं बघितलं नाही, बघितलं असतं तर तिथंच ओरडले असते.

सहा होड्या होत्या. कड्यापासून इतक्या लांब की वरची माणसं मुंग्यांएवढी. आमच्या होडीत खारॉप्सकाका, चार वल्हेकरी आणि मी. चौघे वल्ही पाण्यात टेकवून बसले होते. पांढऱ्या कड्यावर ऊन पडलं की डोळे दुखतात, पण मी पापणी हलवली नाही.

वरून बासरी वाजली. मग तो दिसला. पिसांमुळं नेहमीच्या दुप्पट जाड. कड्याच्या टोकाशी आला आणि त्यानं खाली बघितलं. बाकीच्यांना दिसलं नसेल, मला दिसलं. त्याची मान हळूहळू एका बाजूकडून दुसरीकडं गेली. होड्या मोजत होता. सहा मोजायला कितीसा वेळ लागतो.

मग त्यानं परत पहिल्यापासून मोजल्या.

मागून दोघांनी ढकललं.

"काका," मी म्हटलं, "आर्खियासला मी मारला."

खारॉप्स वरच बघत होता. पाखरं पसरली होती, त्यांचे पंख नुसते फडफडत होते, लीसॉन त्यांच्या मध्ये हात पसरून येत होता, हळू, अजिबात हळू नाही.

"माझ्या गोफणीनं. लीसॉननं माझ्या हातातनं ओढून घेतली. माणूस चुकीचा आहे, काका! वल्हं मारा!"

"पाण्यात हात घाल," खारॉप्स म्हणाला. त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता. "घाल हात आणि समुद्रदेव पोसायडनचं नाव घेऊन परत बोल."

मी कोपरापर्यंत हात घातला. बोलले. तेवढ्यात तो आवाज आला. ओलं कातडं दगडावर आपटल्यासारखा. तो आवाज कसला असतो ते मला सांगता येत नाही, तो ऐकावा लागतो आणि कोणी ऐकू नये.

"मारा!" खारॉप्स गरजला. "अरे मारा रे, नालायकांनो, मेलात काय? चुकीचा माणूस आहे! ए तिकडं! चुकीचा माणूस आहे, चला!"

चौघांनी अशी वल्ही मारली की होडी पाण्यातून उचलली गेली. बाकीच्या पाच होड्यांना काही कळलं नसेल, पण खारॉप्स ओरडतोय म्हटल्यावर त्याही सुटल्या. पाण्यावर पिसं पसरली होती, अर्धी पाखरं बुडालेली, अर्धी दोऱ्या ओढत होती. माणूस दिसत नव्हता. खारॉप्स उभा राहून शोधत होता, भलतीकडं.

"डावीकडं!" मी ओरडले. "डावीकडं, खाली, तिथं पाणी काळं आहे तिथं!"

खारॉप्सनं खांद्यापर्यंत हात बुडवला आणि केसाला धरून त्याला वर ओढलं. मी सुरीनं दोऱ्या कापल्या. जिवंत होती ती पाखरं उडाली. लीसॉनचा उजवा हात कोपराच्या खाली भलत्याच बाजूला वळला होता, तोंडातून पाणी आणि थोडं रक्त येत होतं. त्याला पालथा घालून खारॉप्सनं पाठीवर थापा मारल्या. पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग तो ओकला, खोकला, आणि डोळे उघडले. डोळे बराच वेळ कुठंच बघत नव्हते. मग माझ्यावर आले.

"तीस," तो म्हणाला. "तुला मोजता पण येत नाही. पाटी फोडायच्या आधी शिकायचं होतंस."

मी त्याला चापट मारली. मग त्याचं डोकं मांडीवर घेऊन हुंदके दिले. वल्हेकरी दुसरीकडं बघायला लागले.

खारॉप्सनं दुसरी होडी बाजूला घेतली. "ह्याला पलीकडं न्या. हाडं बसवणाऱ्याकडं सोडा. मी हिला घेऊन जातो."

"हिला कुठं?" लीसॉन म्हणाला.

त्यानं एकेकाच्या तोंडाकडं बघितलं आणि त्याला कळलं. तो उठायला गेला, मोडलेला हात टेकला आणि किंचाळला.

"काय केलंस तू? तिमो! काय केलंस?"

"होड्या बोलावल्या."

"तुला पोहता येत नाही!"

"माहीत आहे मला."

"काका, तिला माझ्यासोबत घाला. एवढ्यांनीच ऐकलंय ना? काका!"

खारॉप्स खाली मान घालून उभा होता. "पाच माणसांनी ऐकलंय रे बाळा. आणि समुद्रानं. मी हिला सोडली तर त्या माश्या माझ्या घरातनं कधी जायच्या नाहीत."

एका उडीत मी त्या होडीत जाऊ शकले असते. मधे हातभर पाणी होतं. मी ते पाणी बघितलं. खारॉप्सचा नातूही डोळ्यासमोर आला. मग दुसऱ्या होडीतल्यांनी लीसॉनला उचलून घेतलं, तिघांना त्याला दाबून धरावं लागलं.

"मी थांबणार आहे!" तो ओरडत होता. "ऐकलंस का गं? मी पलीकडंच थांबणार आहे!"

"हात बसवून घे आधी!" मी ओरडले. "वाकडा नवरा मला नको!"

तो काहीतरी परत ओरडला, पण वाऱ्यानं नेलं.

किनाऱ्यावर मी सगळं परत सांगितलं, पंचांना, पुजाऱ्याला. त्या दिवशी तिन्हीसांजेला माश्या समुद्रावर गेल्या म्हणतात. मी बघितलं नाही, मला देवळामागच्या खोलीत नेलं होतं, जिथं तेलाचे रांजण ठेवतात. एका जत्रेला एकच माणूस टाकतात, त्यामुळं माझी पाळी पुढच्या जत्रेला. ह्याला पाच महिने झाले.

खारॉप्सकाका खिडकीशी येतो. आत यायची परवानगी नाही. लीसॉनचा हात बसला म्हणतो, जरा वाकडाच बसला. एका होडीत त्यानं भागीदारी केली आहे. बेटावर पाय ठेवायचा नाही असा हुकूम आहे, पण कड्याखालचं पाणी म्हणजे काही बेट नव्हे ना, असं तो निरोप धाडून सगळ्यांना विचारतोय आणि पुजारी अजून हो पण म्हणाला नाही, नाही पण. "येडा आहे तुझा," काका म्हणतो. "रोज तिकडच्या पाण्यात उतरतो. एका हातानं माणूस ओढायची सवय करतोय. गोणीत दगड भरतो आणि ओढतो."

आणि मेगिस्ता येते. आर्खियासची आई.

ती पहिल्यांदा आली ती तिसऱ्या दिवशी. रखवालदारानं दार उघडलं तर ती उंबऱ्यावरच बसली, टोपली मांडीवर. काळी वस्त्रं, केस कापलेले. मला वाटलं शिव्या देईल, थुंकेल. मी तयार होते.

"कुठं लागला?" तिनं विचारलं.

"कानामागं."

"काही म्हणाला का तो?"

"नाही. खाली बसला, मग कलंडला."

तिनं मान हलवली. बराच वेळ टोपलीच्या कडेवर बोट फिरवत राहिली. "पाखरू तुझं होतं ना? लहानपणापासून खोड होती त्याला. माना पिरगळायची. मी हातावर मारायचे त्याच्या." मग टोपली पुढं सरकवली. जवाच्या ताज्या भाकरी, बकरीचं चीज, मध, तळलेलं डुकराचं मांस, सुके अंजीर. "जेव."

"भूक नाही मला."

"लागेल. मी देवळाला विचारलंय. वर्षभर तुझं जेवण माझ्या घरून यायचं. दुसऱ्या कुणी द्यायचं नाही, तुझ्या बापानंसुद्धा."

दोन दिवस मी हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी लावला. भूक असते, तिला लाज नसते. मेगिस्ता समोर बसून बघत होती. भाकर मधात बुडवून स्वतःच्या हातानं माझ्या तोंडाशी धरली, आईनं धरावी तशी.

"चांगली खा," ती म्हणाली. "वाळू नकोस. तुझा बाप बांधील तेवढी पिसं बांधू दे, त्या वेड्यालाही होडी आणू दे. मी कुणाला अडवत नाही. पण हलकी माणसं वाचतात म्हणतात." आणि तिनं माझं मनगट अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरलं. बोट अंगठ्यावर चढलं, चांगलं पेरभर. "फारच बारीक आहेस गं."

तेव्हापासून रोज येते. रोज भरलेली टोपली, आणि जेवण झालं की रोज मनगट. मधे एकदा तिला ताप होता तर डोलीत बसून आली. तिच्याशी बोलायला दुसरं कोणी नाही, मलाही नाही, त्यामुळं आम्ही बोलतोही. आर्खियास लहान असताना कसा होता ते मला आता सगळं माहीत झालंय.

काल तिची बोटं एकमेकांना टेकली नाहीत. तिनं दोनदा धरून बघितलं, मग माझ्या पदराला लागलेला मध पुसला आणि म्हणाली, उद्या तुझ्यासाठी अंडी आणते.